दहा मिनिटांचं बोरन्हाण

तळेगावच्या बाजारात परवा बोरांचा ढीग दिसला आणि माझं डोकं फिरलं. बोरं बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या डोळ्यांत रक्त उतरतं. ढिगामागच्या म्हातारीनं माप भरलं, वर चार बोरं जास्तीची टाकली आणि म्हणाली, "गोड हायती बाई, बांधावरची हायती." ती बिचारी चांगल्या मनानं बोलली. मी मात्र मेथीच्या जुड्या आणि कांद्याच्या गोण्या यांच्यामध्ये उभी राहून एका कंपनीच्या गेटाला मनातल्या मनात अशा शिव्या हासडल्या, की तोंडातून बाहेर पडल्या असत्या तर बाजार उठला असता. सात वर्षं झाली त्या संक्रांतीला. माणसाचा राग सात वर्षांत विझतो म्हणतात. माझा दर हिवाळ्याला बोरांबरोबर पिकतो.

आमच्या शिक्रापूरच्या हिवाळ्याची तऱ्हाच वेगळी. थंडी असते, पण हायवेपर्यंत पोचता पोचता ट्रकच्या धुरानं काळी पडते. उसाच्या ट्रॉल्या चौकात एकीमागं एक अशा अडकतात, की शेवटच्या ट्रॉलीतल्या तोडलेल्या उसाला चौक ओलांडेपर्यंत पुन्हा फुटवे येतात. धुक्यात लाल दिवे, मळीचा गोडसर आंबूस वास, सायकलला लटकवलेल्या हरभऱ्याच्या पेंढ्या. आणि या सगळ्यातून वाट काढत, उजाडायच्या आत, माझ्या दाराशी पोरं येतात. शालीत गुंडाळलेली, टॉवेलात गुंडाळलेली, एक तर बापाच्या जर्किनच्या आत, वर नुसतं टोपडं दिसतंय. त्यांना येणं माहीत नसतं. ती पोचवली जातात. मी दार उघडते, गरम गाठोडं हातात घेते, आणि गाठोडं देणारा माणूस कंपनीच्या बसमागं पळत सुटतो.

एकवीस वर्षं मी हे पाळणाघर चालवते. कुणी त्याला डे-केअर म्हणतं. गावातले चावट लोक काकूंचा कोंडवाडा म्हणतात. दारावर पाटी आहे: सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. ती आजवर एका पोस्टमननं तेवढी वाचली असावी. बाकीचे सगळे पाटीखाली उभे राहून एकच वाक्य म्हणतात. "काकू, एक छोटीशी विनंती होती." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेत कुणी नुसतं 'काकू' म्हटलं तरी मी 'नाही जमणार' म्हणत उठून बसते.

विनंती छोटी कधीच नसते. एका बापाला वाटायचं, त्याच्या लेकाला मी रोज एक वाजून दहा मिनिटांनी झोपेतून उठवावं, कारण त्याची जेवणाची सुट्टी तेव्हा होते आणि त्याला मोबाइलवर लेकाचं हसरं तोंड बघायचं असतं. झोपेतून उठवलेलं पोर हसताना ज्यानं बघितलं असेल त्यानं मला येऊन भेटावं, मी त्याच्या पाया पडेन. दुसऱ्या एका घरात आई फर्स्ट शिफ्टला, बाप थर्डला. आई सांगून जायची, दुपारी अजिबात झोपू देऊ नका, म्हणजे रात्री लवकर निजेल. बाप फोन करून सांगायचा, दुपारभर झोपवून ठेवा, मी उठलो की न्यायला येतो, तेव्हा ताजंतवानं पाहिजे. त्या पोरानं एका डोळ्यानं आईचं ऐकलं आणि एका डोळ्यानं बापाचं. वर्षभर ते एक डोळा मिटून माझ्याकडं बघायचं. तळेगावच्या मळ्यातली कल्पना तर पोर शिफ्टवर आणायचीच नाही, लाइटवर आणायची. शेतीची लाइट दिवसा असली की ती आणि नवरा दोघंही पाणी भरणार, म्हणून पोर माझ्याकडं. पुढच्या आठवड्यात लाइट रात्रीची झाली की दोघंही दिवसा झोपणार, म्हणून तेव्हाही पोर माझ्याकडंच. मी तिला म्हटलं, अगं, मग कुठल्या लाइटला पोर तुझ्याकडं असतं? ती शांतपणे म्हणाली, "लाइट जाती तवा."

सुरुवातीची काही वर्षं मला या आईबापांचाच संताप यायचा. वाटायचं, यांनी पोरं जन्माला घालताना मला विचारलं होतं का? माझं जेवण कधी, माझी आंघोळ कधी, हे कुणी विचारतं का? मग हळूहळू ध्यानात आलं, की विनंती करणारं तोंड आईचं असतं, पण शब्द तिचे नसतात. ते कुठल्यातरी थंडगार केबिनमधून आलेले असतात. संध्याकाळी मोबाइलवर उद्याचा चार्ट पडतो. तुझी शिफ्ट बदलली. तुझी गुरुवारची सुट्टी पुढं ढकलली. तुला थांबायचंय. चार्ट बनवणाऱ्यानं एकदा बोट फिरवलं की शिक्रापुरातल्या चाळीचाळींतून दूध तापवायच्या वेळा बदलतात, पोरांच्या शीच्या वेळासुद्धा बदलतात. आणि ज्याला चार्ट समजत नाही, घड्याळ समजत नाही, असं वर्षा-दीड वर्षाचं पोर माझ्या दाराकडं बघत बसतं. त्याला आईनं येणं एवढं एकच कळतं.

तर त्या संक्रांतीची गोष्ट. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान पोरांचं बोरन्हाण करतात. पोराला काळं अंगडं, गळ्यात-हातात हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. आई मांडीवर घेऊन पाटावर बसते आणि बायका डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा ओततात. बोर कपाळाला लागलं की पोर दचकतं, चुरमुरे कानात जातात, भोवतालची पोरं खाली पडलेलं वेचायला तुटून पडतात. बदलत्या हवेची बाधा होत नाही म्हणतात. होत असेल किंवा नसेल. पण आपल्यावर आभाळातून खाऊ पडतोय, असं एखाद्या पोराला जन्मात एकदा तरी वाटलं पाहिजे, या मताची मी आहे.

सहा आयांना माझ्याकडं बोरन्हाण करायचं होतं. सहा जणींच्या सहा वेळा. एकीला सकाळी साडेदहा, एकीला दुपारी चार, एकीला फक्त गुरुवार, आणि तो गुरुवार कंपनीनं संक्रांतीच्या सुट्टीच्या बदल्यात आधीच खाऊन टाकलेला. मी आठ दिवस वेळा जुळवत होते. एवढ्या वेळात लोकांची लग्नं जुळतात. शेवटी मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काहीतरी मोडतं, हा आजवरचा अनुभव. मी मंगळवारी सकाळी अकराची वेळ धरली, कारण त्या वेळेला सहातल्या एकीलाही येणं शक्य नव्हतं. कुणीच नसेल, तर कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही. हा न्याय मला त्या दिवशी इतका पटला होता, की आपण सरपंच का झालो नाही याचं नवल वाटलं.

पोरं ओळीनं माझ्या मांडीवर बसली. नजमाचा अयान, तिचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान आहे, त्यालाही हवं होतं, तोही बसला. बिहारहून आलेल्या वेल्डरचा गोलू मुकुटातला हलवा चाटत बसला. आणि ईश्वरी, सारिकाची चौदा महिन्यांची लेक, तोंडात बोर धरून अशी हसली की मी चटकन मोबाइल लांब धरून दोघींचा फोटो काढून घेतला. सगळ्यांचे फोटो आयांना पाठवले आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारखी आडवी झाले.

सारिका गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत होती. नवरा ट्रकवर, चेन्नईकडं जायचा, आठ-दहा दिवसांनी घरी यायचा. सासर राहू गावचं. इथं माझ्यामागच्या चाळीत एक खोली. त्या संध्याकाळी तिनं तो फोटो माझ्याच ओट्यावर बसून खूप वेळ बघितला. म्हणाली, "छान झालंय." मग म्हणाली, "मुकुट सरकला व्हता का ओ? मी असते तर बसवला असता नीट." तेवढंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

फोटो तिनं नवऱ्याला पाठवला, नवऱ्यानं घरच्या ग्रुपवर टाकला, आणि राहूत पुतण्यानं तो सासूला दाखवला. सारिका सासूला आत्या म्हणायची. आत्यांचा फोन आला तेव्हा ती लेकीला न्यायला माझ्याकडंच आलेली, एका हातात पोर, एका हातात पिशवी, म्हणून फोन स्पीकरवर.

"फोटूतली बाई कोण हाय?"

सारिकानं सांगितलं, काकू.

"पोर तिच्या मांडीव का? तू कुठं व्हतीस?"

"कामावर."

"मंग ही पोर वाढवतंय कोण?"

आत्यांनी निकाल सांगितला. रथसप्तमीला मी येते, बांधावरची बोरं आणते. आईनं आपल्या मांडीवर घेऊन माझ्या डोळ्यांदेखत बोरन्हाण करायचं. वर्षाच्या सणाला तासभर लेकरासाठी काढता येत नसंल, तर पोर मी संध्याकाळच्या जीपनं राहूला घेऊन जाते. दूध आहे, पाच चुलत भावंडं आहेत, अंगण आहे. तू ये गुरुवारी भेटायला.

मला त्या बाईचा असा राग आला, की ती समोर असती तर मी तिला पाळण्यात घालून झोके दिले असते. पण खोटं कशाला बोलू, ती चूक बोलत नव्हती, आणि फोटो माझा होता. सारिका रडली नाही. लेकीचा एक मोजा निघाला होता, तो चढवत खाली मान घालून म्हणाली, "काकू, आठवड्यातनं एकदा बघितलं तर वळखंल का ती मला?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. चौदा वर्षं मी तेच बघत आले होते. मी म्हटलं, रथसप्तमीला साडेतीनला सुटतेस ना? चारला इथं ये. पाट मी मांडून ठेवते.

रथसप्तमीला दोन जीप बदलून आत्या दुपारी एकला आल्या. हिरवं लुगडं, पायात चप्पल पुरुषी, डोक्यावर गाठोडं. त्यात एवढी बोरं, की राहूच्या बांधावर पाखरांना एकही ठेवलं नसावं. त्यांनी आधी घर बघितलं, मग पोरं मोजली. नऊ. म्हणाल्या, "म्हशी बऱ्या. एका जागी बांधता येत्यात." मग ईश्वरीच्या केसांतून हात फिरवला, तिच्या कानामागं बघितलं, नखं बघितली. कापलेली होती. स्वच्छ होती. मी चहा केला, त्यांनी बशीत ओतून घेतला. घड्याळाकडं दोघीही चोरून बघत होतो.

दोनला माझ्या मोबाइलवर सारिकाचा मेसेज आला. ओव्हरटाइम लागला, कुणालाच सोडत नाहीत, साडेसातला सुटेन. आत्यांना काहीतरी सांगा.

आता मी काय सांगणार? राहूची जीप सहाला. आत्यांच्या घरी धारेला दुसरं कुणी नाही. मी काही सांगितलंच नाही, माझ्या तोंडावरच त्यांनी वाचलं. त्या उठल्या. खुंटीवरची ईश्वरीची पिशवी काढली आणि दोरीवर वाळत घातलेले तिचे कपडे एकेक करून घडी घालून आत ठेवायला लागल्या. झबलं. दुसरं झबलं. चड्ड्या. भांडल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या घड्या इतक्या नीट घालत होत्या की भांडण काढायला जागाच राहिली नाही.

आणि मग मी पेटले. आत्यांवर नाही, सारिकावर नाही. चौदा वर्षं मी अख्ख्या शिक्रापूरच्या वेळा सांभाळल्या. एक दहाला पोर उठवलं, लाइट गेली की पोर परत केलं, जर्किनमधनं पोर उपसून घेतलं. सगळी दुनिया कंपनीच्या घड्याळाला लागून चालते, आणि कंपनीला या दुनियेसाठी एका बाईला साडेतीनला सोडता येत नाही? मी म्हटलं, "आत्याबाई, पाचला त्यांची चहाची सुट्टी असती. दहा मिनिटं. आपण तिकडं जाऊ."

"आत सोडत्यात?"

"न्हाई."

"मंग?"

"गेट हाय की."

आत्यांनी हातातलं झबलं बघितलं, पिशवीवर ठेवलं, आणि गाठोड्याची गाठ परत आवळली.

दारावर मी चिठ्ठी लावली: पोरं कंपनीच्या गेटावर आहेत, तिथून न्यावीत. लोकांना मी आयुष्यात केलेली ती पहिली खास विनंती. मग टमटम बोलावली. टमटममध्ये नऊ पोरं, दोन बायका, एक पाट, एक गाठोडं. चौकात मोजली तर दहा भरली, एक शेजारचं चढलं होतं. बाजूनं कंटेनर असे जात होते की प्रत्येक वेळी टमटम एक फूट डावीकडं सरकायची. अयान सगळ्या कंटेनरांना टाटा करत होता. ईश्वरी काळं अंगडं घालून आत्यांच्या मांडीवर, डोक्यावर नवा मुकुट, चेहरा एखाद्या पाटलिणीसारखा गंभीर.

गेटावरच्या वॉचमननं आम्हाला बघितलं आणि त्याला वाटलं मोर्चा आला. तो म्हणाला, "माताजी, यहाँ खड़े रहना मना है।" आत्या म्हणाल्या, "आमी बसनार हाय." आणि त्यांनी गेटाला लागून पाट मांडला. त्याच्या पुढचं हिंदी त्याच्याच घशात राहिलं.

पाचचा भोंगा झाला. आतल्या शेडमधून निळ्या टोप्या घातलेल्या बायका बाहेर आल्या, हातात कागदी कप. मोबाइल जेवणाच्या सुट्टीपुरतेच हातात देतात, बाकी वेळ आत जमा असतात, सारिकाला कळवायचं कसं, हा प्रश्न मला तिथं पोचल्यावर पडला. पण गोलूनं तो सोडवला. तो गेटाखालच्या फटीतून सरपटत आत गेला आणि त्या टोप्यांच्या दिशेनं पळाला. वॉचमन त्याच्यामागं, त्याच्यामागं दोन बायका, आणि त्या गोंधळात एका टोपीनं वळून गेटाकडं बघितलं. सारिका. कप तिनं कुठं टाकला देव जाणे. ती आली ती गजांवर आदळलीच.

गेट उघडायचा हुकूम वॉचमनला नव्हता. आम्हीही मागितला नाही. सारिका आतल्या बाजूला फरशीवर बसली, गजांमधून दोन्ही हात बाहेर काढले आणि पाटावरच्या लेकीला गजांपाशी ओढून घेतलं. मांडी आत, लेक बाहेर, मध्ये लोखंड. हातांना रबराचा, वायरींचा वास येत असणार, कारण ईश्वरीनं आधी बोटं हुंगली आणि मगच त्यांना धरलं. सारिकानं मुकुट नीट बसवला. दोरी कानामागून घेतली, हनुवटीखाली गाठ मारली, पुन्हा सोडून पुन्हा मारली.

मी वाटी भरली. पहिली ओंजळ घरातल्या मोठ्या बाईची, म्हणून आत्यांपुढं धरली. आत्यांनी ती घेतली, आणि गजांतून आत दिली.

"घे. पयली तुजी."

सारिकानं वाटी गजाबाहेर काढून लेकीच्या डोक्यावर ओतली. बोरं खाली टपटपली, गेटावर आपटून टण्ण वाजली, काही आत गेली, काही बाहेर. आतल्या बायका जमल्या. कुणीतरी वाटी मागितली, कुणीतरी नुसती ओंजळ पुढं केली, आणि आतून बाहेर, बाहेरून आत, बोरं उडायला लागली. सांगते ते ऐका, त्या दहा मिनिटांत पन्नास जणींनी त्या पोरीला न्हाऊ घातलं, आणि वॉचमनच्या टोपीतून नंतर पावशेर चुरमुरे निघाले. अयान आणि बाकीची पोरं धुळीतून वेचत होती. ईश्वरी दोन्ही हात वर करून बसली होती. तिला वाटलं असणार, हे असंच चालू राहणार.

भोंगा झाला. बायका पांगल्या, कारण मिनिटभर उशीर झाला तरी आत बोलणी बसतात. सारिका उठली, पण हात गजांबाहेरच. तिनं आत्यांकडं बघितलं.

आत्यांनी तिच्या टोपीवर पडलेला एक उसाचा करवा काढला.

"जा कामाला," त्या म्हणाल्या. "पोर हितंच ऱ्हाईल."

सारिकानं पाठ फिरवली आणि ती पळाली. पळताना एकदा टोपी पडली, ती उचलायला वाकली, आणि शेडच्या अंधारात गेली. एक बाई आपल्या लेकीपासून पळत पळत लांब जातेय आणि हे म्हणे वेळेचं शिस्तबद्ध काम. मला आजही ते आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. आमच्याकडं पोरांच्या वजनाचे तक्ते आहेत, उंचीचे तक्ते आहेत, आई किती मिनिटं दिसली याचा तक्ता कुणी लावत नाही.

मी पोरं गोळा करायला लागले, तर आत्या पाटावर बसल्या. गेटाच्या बरोबर मधोमध. ईश्वरीला मांडीवर घेतलं आणि एक बोर दातानं फोडून बी काढून तिच्या तोंडात दिलं. बाकीची पोरंही भोवती बसली. तेवढ्यात आतून एक भलामोठा ट्रक आला, वायरींनी भरलेला. त्या वायरींची कुठल्याशा मोठ्या कारखान्यात म्हणे मिनिटामिनिटाला वाट बघतात. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. वॉचमन गोलूला परत देत म्हणाला, "माताजी, हटिए, गाड़ी का टाइम हो गया है।"

आत्यांनी मान वर केली नाही. "लेकरांचं खाऊन हू दे," त्या म्हणाल्या. "मंग जा म्हनावं."

ड्रायव्हरनं तिसरा हॉर्न दिला. मग खिडकीतून वाकून खाली बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि इंजिन बंद केलं. ईश्वरीनं बोर चघळलं, उरलेलं साल बाहेर काढून तळहातावर घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं, आणि सावकाश दुसरं घ्यायला हात पुढं केला.